ऐंशीच्या पुढची थरथर

बयो, आधी एक गोष्ट मनाशी पक्की कर. अजून एकही पार्ट विकत घ्यायचा नाही. काल फोनवर तू म्हणालीस की मिस्त्री म्हणतो, शॉकअप बदलू, टाय रॉड एंड बदलू, मग बघू. गाडी त्याच्याकडे सोडायच्या आधी माझं ऐकून घे. तो माणूस लबाड आहे असं मी म्हणत नाही. त्याच्या दारात गाड्यांची रांग असते. तुझ्या गाडीत बसून नागोठण्यापर्यंत जाऊन यायला त्याला सवड नाही, म्हणून तो अंदाजाने बोलतो. गाडी रोज तू चालवतेस. ती कधी थरथरते, कुठे थरथरते हे तुझ्याइतकं कुणालाच ठाऊक नाही. फक्त ते नीट मांडता आलं पाहिजे.

आणि "जुनी फोर बाय फोर आहे, एवढं चालायचंच" असं कुणी म्हटलं तर मान डोलावू नकोस. जुनी गाडी आवाज करील, थोडं तेल पाझरवील, चढाला दमेल. पण ठरावीक वेगाला थरथरणं हा वयाचा परिणाम नव्हे. फिरणारी एखादी वस्तू एका अंगाला जड झाली आहे, वाकली आहे, किंवा तिला धरून ठेवणारं काहीतरी ढिलं झालं आहे. ते शोधता येतं, आणि पुष्कळदा थोडक्यात दुरुस्त होतं.

मला एवढी काळजी का, तेही सांगते. गणपती जवळ आले की तू हमरापूर-जोह्याहून मूर्ती भरून रोह्याला नेणार. शाडूची मूर्ती पेंढ्यात कितीही नीट बसवली तरी रस्ताभरची बारीक थरथर तिला सोसत नाही. बोटं, कान, सोंडेचं टोक, अशा नाजूक जागी चीर जाते, आणि ती दिसते गिऱ्हाइकाच्या घरी मखरात बसवताना. हे झालं धंद्याचं. त्याहून मोठं म्हणजे त्या गाडीत तू असतेस, शेजारी मुलं असतात. प्रोपेलर शाफ्टच्या टोकाचा जोड, म्हणजे क्रॉस, तुटण्याआधी पुष्कळदा असाच थरथरून सांगत असतो. ते सांगणं कानाआड करायचं नाही.

तर आता एक वही गाडीत ठेव. चालवताना तू लिहायचं नाहीस, शेजारी बसेल त्याने लिहायचं. तपासायला वडखळ ते पेण हा पट्टा चांगला, सपाट आहे, दोन्ही अंगांना खारजमीन, समोरचं लांबून दिसतं. पण डोलवीच्या पोलाद कारखान्याच्या ट्रेलरांची तिथे सतत ये-जा असते, म्हणून अगदी सकाळी नीघ. भिसे खिंडीत किंवा सुकेळीच्या खिंडीत हा खटाटोप करू नकोस. चढ-उताराला इंजिनावरचा ताण सारखा बदलतो, त्यामुळे निष्कर्ष निघत नाही आणि धोका मात्र वाढतो.

वहीत काय लिहायचं? थरथर किती वेगाला सुरू होते, किती वेगाला सर्वांत जास्त असते, आणि त्याच्याही पुढे गेलं की कमी होते की वाढतच जाते. ती हाताला स्टेअरिंगवर लागते की बैठकीखाली आणि पायाखालच्या पत्र्यात. अॅक्सिलरेटर दाबलेला असताना जास्त, की पाय उचलल्यावर जास्त, की दोन्ही वेळी सारखीच. ब्रेक लावल्यावरच येते का. गाडी रिकामी असताना आणि भरलेली असताना काही फरक पडतो का. एवढ्या प्रश्नांची उत्तरं घेऊन तू कुठल्याही गॅरेजात गेलीस तरी समोरचा माणूस सरसावून बसेल, कारण निम्मं निदान तू आधीच केलेलं असेल.

हाताला लागते ती सहसा पुढच्या चाकांची. बैठकीखाली घुमते ती मागच्या चाकांची किंवा शाफ्टची. सत्तर ते नव्वदच्या मध्ये येऊन पुढे विरत असेल तर चाकांच्या बॅलन्सिंगवर माझा पहिला संशय. वेगाबरोबर वाढतच जात असेल तर शाफ्ट. फक्त ब्रेक लावल्यावर येत असेल तर पुढची ब्रेक डिस्क किंवा मागचा ड्रम वेडावाकडा झालेला असतो, आणि मग बाकीचं काही शोधत बसायची गरज नाही. पाय दाबल्यावर एक आणि उचलल्यावर दुसरंच असं होत असेल तर क्रॉस, इंजिनचं माउंटिंग किंवा डिफरन्शियलच्या पिनियनचं बेअरिंग. हे काही ब्रह्मवाक्य नाही बरं, दोन दोष एकत्रही असतात. पण सुरुवात कुठून करायची ते यावरून ठरतं.

आता एक युक्ती सांगते, ती पाठच करून ठेव. ऐंशीच्या वेगाला गाडी आधी पाचव्या गिअरमध्ये चालव, मग त्याच वेगाला चौथ्यात. वेग तोच राहिला म्हणजे चाकं तेवढीच फिरतात, मागचा शाफ्टही तेवढाच फिरतो. बदललं फक्त इंजिन, ते चौथ्यात जास्त फिरतं. थरथर दोन्ही गिअरमध्ये जशीच्या तशी असेल तर दोष गिअरबॉक्सच्या मागे आहे, म्हणजे ट्रान्सफर केस, शाफ्ट, डिफरन्शियलचं हौसिंग, चाकं यांपैकी कुठेतरी. बदलत असेल तर इंजिन, क्लच, माउंटिंग यांच्याकडे बघायचं. काही जण गाडी न्यूट्रलला टाकून बघायला सांगतात. सपाट, मोकळ्या रस्त्यावर क्षणभर ते चालतं. पण चावी बंद करून कधीच नाही. इंजिन बंद पडलं की ब्रेकची मदत जाते, पॉवर स्टेअरिंग असेल तर तेही जड होतं, आणि चावी पूर्ण फिरली तर स्टेअरिंगच जाम होतं.

थोडा हिशेबही करू या, तुला आकडे आवडतात. बोलेरोला येतो तो 215/75 आर 15 मापाचा टायर धर. त्याचा घेर साधारण सव्वादोन मीटर. ऐंशीच्या वेगाला गाडी सेकंदाला बावीस मीटर जाते, म्हणजे चाक सेकंदाला सुमारे 10 फेरे घेतं. मागच्या हौसिंगमधलं गुणोत्तर चारच्या आसपास असतं, म्हणजे चाकाच्या एका फेऱ्याला शाफ्ट चार फेरे घेतो, सेकंदाला 40. चाकाचा दोष असेल तर हादरे सुटे सुटे, डोळ्यांना दिसतील असे येतात, आरसा हलतो, डॅशबोर्डवर ठेवलेली पाण्याची बाटली नाचते. शाफ्टचा दोष असेल तर ते हादरे एकमेकांत मिसळून घुमल्यासारखे येतात, बैठकीला मुंग्या आल्यासारखं वाटतं, आणि कानालाही ऐकू येतं. फोनमध्ये कंप मोजणारी फुकट अॅप मिळतात. फोन दोन सीटांच्या मधल्या पत्र्यावर सपाट ठेवला की 10 हर्ट्‌झला टोक दिसतंय की 40 ला, ते शेजारच्या माणसाला वाचता येईल. तुझ्या टायरचं माप वेगळं असेल तर आकडे थोडे सरकतील, पण दोन्हींत चौपटीचं अंतर राहीलच.

आणि फसायची एक जागा आपल्याकडे खास आहे. आपल्या महामार्गाचा पनवेल ते इंदापूर हा 84 किलोमीटरचा पट्टा 2011 पासून चौपदरी करायला घेतला, त्यामुळे कुठे नवं काँक्रीट, कुठे जुनं डांबर, कुठे वळवलेला कच्चा रस्ता. काँक्रीटच्या लाद्यांमध्ये ठरावीक अंतरावर जोड असतात. त्यावरून गाडी गेली की ठक-ठक-ठक असा एकसारखा ठेका लागतो, आणि माणसाला वाटतं गाडीच थरथरते आहे. म्हणून वहीत प्रत्येक वेळी लिहायचं, खाली काँक्रीट होतं की डांबर. डांबरावर गेल्यावर थांबली तर तो रस्त्याचा दोष, तुझ्या गाडीचा नाही. दोन्हींवर सारखीच असेल तर आपण पुढे जाऊ.

चाकांबद्दल मी जरा जास्त बोलणार आहे, कारण लग्न होऊन आले तेव्हापासून मी आमच्या पेणच्या अलाइनमेंटच्या दुकानात गल्ल्यावर बसते आणि समोर हेच बघते. पावसाळ्यात, भातलावणीच्या दिवसांत, शेतातून आलेल्या फोर बाय फोर गाड्या "एकाएकी थरथरायला लागली" म्हणून येतात. तुझे दाजी आधी चाकाच्या आतल्या अंगाला हात घालतात. रिमच्या आत खाडीचा, शेताचा चिखल बसून वाळलेला असतो, एका बाजूला जाड, एका बाजूला पातळ. बाहेरून गाडी धुतलेली असते, आतून कोण धुतो? एवढा चिखल चाकाला पुरेसा होतो. तेव्हा सगळ्यांत पहिलं काम हेच: चारी चाकांच्या आतल्या बाजूने पाण्याचा जोराचा फवारा मार, काठीने खरवड, आणि मग पुन्हा वडखळच्या रस्त्यावर जाऊन ये. पुष्कळ गाड्या इथेच बऱ्या होतात. शाफ्टवरही चिखलाचा पापुद्रा चिकटतो, पेंढा किंवा नायलॉनची दोरी गुंडाळली जाते, तेही खाली वाकून काढ.

त्याआधी, हो, त्याहीआधी, व्हील पाना घेऊन प्रत्येक नट घट्ट आहे का बघ. पंक्चर काढल्यावर नट नीट न आवळल्याने गाडी डगडगते हे मी नुसतं ऐकलेलं नाही, बघितलेलं आहे. नट एकापाठोपाठ एक गोल आवळायचे नाहीत, समोरासमोरचे आवळत जायचं, म्हणजे चाक सरळ बसतं.

मग टायर. हाताचा तळवा टायरवरून आडवा आणि उभा फिरव. कुठे फुगा आलाय का, नक्षी एका अंगाला करवतीसारखी झिजली आहे का, ते डोळ्यांच्या आधी हाताला कळतं. कडेला चार आकड्यांची तारीख असते: 2318 म्हणजे 2018 सालातला तेविसावा आठवडा. तू गाडी घेतलीस तेव्हा नक्षी चांगली होती म्हणून खूश होतीस, पण नक्षी उभी असली तरी जुनं रबर कडक होतं, आतले थर सुटतात. रिमोल्ड केलेले टायर मालाच्या गाडीला मागे चालतात म्हणतात, पण पुढे ते लावलेले असतील तर मला चालणार नाहीत, स्पष्ट सांगते. गाडी पावसाळाभर एकाच जागी उभी राहिली असेल तर टायर खालून चपटा होतो. थोडी चालल्यावर, टायर गरम झाल्यावर थरथर कमी होत असेल तर तसं समज.

रिम वाकलेली आहे का बघायला जॅक लाव, चाक उचल, आणि हाताने फिरव. टायरच्या जवळ जमिनीवर एक वीट उभी करून तिच्यावर खडू धर, टायरपासून बोटभर अंतरावर. चाक फिरताना ते अंतर कमीजास्त होत असेल तर टायर किंवा रिम गोल राहिलेली नाही, आणि असं चाक कितीही शिसं लावून बॅलन्स केलं तरी वेगाला उडणारच. बॅलन्सिंगच्या यंत्रावर आकडे शून्य आले म्हणजे चाक गोल आहे असं होत नाही. हे आमच्या धंद्यातलं असूनही मी गिऱ्हाइकाला सांगते. खड्ड्यात जोरात आपटलेल्या रिमची आतली कड वाकते आणि ती बाहेरून दिसत नाही.

यंत्राकडे जायच्या आधी फुकटातली आणखी एक परीक्षा: पुढची दोन चाकं मागे लाव, मागची पुढे. थरथर हातातून बैठकीकडे गेली तर दोष चाकांतच होता, निकाल लागला. जशीच्या तशी राहिली तर चाकं निर्दोष, आणि बॅलन्सिंगचे पैसे वाचले. मात्र चारही चाकांना टायर एकाच मापाचे हवेत, झीजही साधारण सारखी हवी. फोर बाय फोरला हे साध्या गाडीपेक्षा जास्त महत्त्वाचं. पुढची-मागची चाकं वेगळ्या मापाची असली की फोर व्हीलमध्ये टाकल्यावर ती एकमेकांशी झगडतात आणि तो सगळा ताण ट्रान्सफर केस आणि शाफ्टवर जातो.

चाक उचललेलंच आहे तर हेही करून घे. वर आणि खाली धरून हलव, मग डावीकडे-उजवीकडे धरून हलव. वर-खाली खेळ असेल तर हबचं बेअरिंग किंवा किंगपिन, बॉल जॉइंट. डावीकडे-उजवीकडे खेळ असेल तर टाय रॉड एंड. यात गोंधळ झाला तर कुणाला तरी ब्रेक दाबून धरायला सांग आणि पुन्हा हलव. ब्रेक दाबल्यावर खेळ नाहीसा झाला तर बेअरिंग, तरी राहिला तर जॉइंट. आणि गाडी उचलशील तेव्हा नुसत्या जॅकवर भरवसा ठेवून खाली शिरायचं नाही. बाकीच्या चाकांना पुढून-मागून दगड आणि चासीखाली घोडी. या बाबतीत मी ऐकून घेणार नाही.

आता तुझ्या गाडीचं वेगळेपण. तू मागच्या आठवड्यात वाडीवरच्या चिखलात पुढचे हब लॉक केले होतेस ना? ते परत फ्री केलेस का? हाताने फिरवायचे हब असतील तर चिखलातून बाहेर आल्यावर ते विसरतात सगळेच. हब लॉक राहिले की तू टू व्हीलमध्ये चालवत असलीस तरी पुढचा एक्सल आणि पुढचा प्रोपेलर शाफ्ट रस्ताभर फिरत राहतो. तो शाफ्ट एरवी निवांत असतो, त्याच्या क्रॉसला कुणी ग्रीस मारत नाही, तो गंजलेला असतो, आणि ऐंशीला तो बोलायला लागतो. आधी हब फ्री करून बघ. थरथर गेली तर दोष पुढच्या शाफ्टमध्ये आहे. वर्षभर चालेल म्हणून सोडून द्यायचं नाही, पण घाबरायचंही कारण नाही. हब आपोआप लागणारे असतील तर मिस्त्रीकडून पुढचा शाफ्ट तेवढा उतरवून टू व्हीलमध्ये एक फेरी मारायची, निदान तेच. आणि कोरड्या डांबरावर किंवा काँक्रीटवर फोर व्हीलमध्ये चालवूच नकोस. वळताना पुढची चाकं मागच्यांपेक्षा मोठ्या वाटेने जातात, आणि तुझ्या ट्रान्सफर केसमध्ये तो फरक सोडवायला काही नाही.

मागचा शाफ्ट मात्र तुला नीट समजून घ्यावा लागेल. तो ट्रान्सफर केसपासून हौसिंगपर्यंत तिरका जातो, म्हणून दोन्ही टोकांना क्रॉस. तिरक्या क्रॉसमधून फिरताना शाफ्टचा वेग एका फेऱ्यात दोनदा वाढतो आणि दोनदा घटतो. पुढच्या टोकाने केलेली ही चढउतार मागच्या टोकाचा क्रॉस उलटी करून मिटवतो, पण दोन्ही टोकांचे कोन जवळपास सारखे असले आणि क्रॉस धरणारे दोन्ही योक एका रेषेत असले तरच. इथेच मेख आहे. क्रॉस बदलायला शाफ्ट काढला, मधला सरकता जोड सुटला, आणि परत बसवताना एक दात इकडेतिकडे झाला की क्रॉस कोरा करकरीत असूनही गाडी आधीपेक्षा जास्त थरथरते. म्हणून शाफ्ट खोलायच्या आधी दोन्ही बाजूंना पांढऱ्या रंगाच्या खुणा करायच्या, आणि त्या तू स्वतः उभी राहून करून घ्यायच्या. मिस्त्रीला त्यात अपमान वाटायचं काही कारण नाही. चांगला मिस्त्री स्वतःच करतो.

तुझ्या गाडीला आधीच्या मालकाने पाटे वाढवलेत असं तू म्हणाली होतीस. माल जास्त भरायला आपल्याकडे हे सर्रास करतात. पाटा वाढला की मागचं अंग उचललं जातं, शाफ्टचा तिरकेपणा वाढतो. आता वहीतलं शेवटचं टिपण कामाला येईल: गाडी रिकामी असताना घुमते आणि माल भरल्यावर शांत होते असं असेल तर कोनाचा दोष धर. तेव्हा क्रॉसवर क्रॉस बदलून काहीही होणार नाही, पाट्यांचंच बघावं लागेल. शॉकअप तर यात कुठेच बसत नाही. शॉकअप गेला तर गाडी खड्ड्यानंतर उडत राहील, चाक आपटून टायर खड्डेखड्डे झिजेल, पण गुळगुळीत रस्त्यावर ऐंशीला ती आपणहून घुमणार नाही.

क्रॉस तपासायला गाडी सपाट जागी, चाकांना दगड, गिअर न्यूट्रल. खाली जाऊन शाफ्ट दोन्ही हातांनी धर आणि इकडे-तिकडे पीळ, वर-खाली ढकल. क्रॉसच्या टोपीपाशी जरासुद्धा हलताना दिसलं तर तो गेला. टोपीभोवती तांबूस भुकटी दिसली तरी गेला. आतल्या सुया कोरड्या पडून गंज दळून बाहेर येतोय. शाफ्टच्या नळीला कुठे पोचा आहे का, आणि बॅलन्सिंगसाठी कारखान्यात वेल्ड केलेली लोखंडी पट्टी उडाल्याचा डाग दिसतो का, तेही बघ. शाफ्ट दोन तुकड्यांचा असेल तर मध्ये चासीला टांगलेलं सेंटर बेअरिंग असतं, त्याचं रबर फाटलं की गाडी उठतानाच धडधडते. पहिला गिअर टाकून निघताना खालून "टक्" असा आवाज येतो का? येत असेल आणि थरथर आठवड्यागणिक वाढत असेल, तर बयो, रोह्याहून पेणला यायचं नाही. गाडी आहे तिथे उभी कर आणि मिस्त्रीला घरी बोलाव. चालत्या गाडीत शाफ्टचं पुढचं टोक सुटून रस्त्यावर पडलं तर ते जमिनीत रुततं आणि गाडी मागून उचलली जाते. क्रॉस बदलायला लागणारा पैसा त्यापुढे काहीच नाही.

निदानासाठी मागचा शाफ्ट काढून फक्त पुढच्या चाकांवर गाडी चालवून बघणारेही आहेत. तू ते करू नकोस. काही गाड्यांत शाफ्ट काढला की ट्रान्सफर केसमधलं तेल बाहेर येतं, काही जुन्या जीपांत हँडब्रेक शाफ्टवरच लागतो, मग गाडी उतारावर उभी राहत नाही. लेथवाल्याकडे शाफ्ट नेऊन सरळ आहे का आणि बॅलन्स आहे का हे बघून घेणं सोपं आणि सुरक्षित.

स्टेअरिंगबद्दल एक गोष्ट वेगळी सांगते, कारण ती बारीक थरथर नव्हे. समोरून वाकून बघ. पुढची चाकं एकाच अखंड एक्सलवर, पाट्यांवर असतील, तर अशा गाड्यांत कधी कधी खड्डा किंवा पुलाचा जोड लागला की स्टेअरिंग एकदम हातातून सुटेल असं डावी-उजवी झटके मारायला लागतं आणि थांबत नाही. तसं झालं तर करकचून ब्रेक मारू नकोस, स्टेअरिंगशी झुंजू नकोस. घट्ट धर, पाय उचल, वेग उतरू दे, कडेला घे. मग किंगपिन, टाय रॉड एंड, पाट्यांचे बुश, स्टेअरिंग बॉक्सचे बोल्ट, सगळं एकदम तपासायचं. नुसतं स्टेअरिंगचं डॅम्पर नवीन घालून भागवू म्हणाला तर ऐकू नकोस. डॅम्पर तो दोष झाकतो, काढत नाही.

गॅरेजात गेल्यावर तुझ्या नवऱ्याशी बोलायला लागतील, तुझ्याकडे बघणार नाहीत, हे मला माहीत आहे. पेणला इतकी वर्षं काढून मलाही नवीन गिऱ्हाईक विचारतं, "साहेब नाहीत का?" तेव्हा आवाज चढवायची गरज नाही. वही उघडायची आणि वाचून दाखवायचं: डांबरावर अठ्ठ्याहत्तरला सुरू होते, पुढे वाढत जाते, चौथ्या-पाचव्यात सारखीच, चाकं पुढे-मागे करून फरक नाही, हब फ्री आहेत, रिकामी असताना जास्त. एवढं ऐकल्यावर जो माणूस स्वतःहून गाडीखाली जाईल, त्याच्याकडे गाडी सोड. जो तरीही शॉकअपच म्हणेल त्याला नमस्कार करून नीघ. आणि एका वेळी एकच गोष्ट बदलून घ्यायची, मग गाडी चालवून बघायची, मग दुसरी. तीन पार्ट एकदम बदलले आणि बरी झाली तरी दोष कशात होता ते कुणालाच कळलेलं नसतं, आणि पुढच्या वेळी पुन्हा तिन्हींचे पैसे.

दुरुस्ती झाल्यावर ग्रीस गन घरीच ठेव. महागडी वस्तू नाही. कोलाडला राफ्टिंगवाल्यांच्या गाड्या नदीकाठच्या ओल्या वाटांवरच असतात. त्यांच्या एखाद्या ड्रायव्हरला विचार, पाण्यातून गाडी गेल्यावर तो क्रॉसला ग्रीस कधी मारतो ते. खारजमिनीचा चिखल तर त्याहून वाईट, मीठ असतं त्यात. अशा चिखलातून आलीस की त्याच दिवशी गोड्या पाण्याने खालून धुऊन, निपलला ग्रीस मारून ठेव. जुनं काळं ग्रीस टोपीच्या कडेने बाहेर येईपर्यंत मारायचं, चारही टोप्यांतून. एखाद्या टोपीतून येतच नसेल तर ती आतून बंद झाली आहे, तो क्रॉस बदलायला झालाय.

रविवारी मी मोकळी आहे. तोवर चाकं आतून धुऊन, नट आवळून, हब फ्री करून एक फेरी मारून ठेव आणि रात्री फोनवर वही वाचून दाखव. मिस्त्रीने मध्येच क्रॉस बदललाच, तर काढलेला जुना क्रॉस त्याला फेकू देऊ नकोस. टोप्यांसकट पिशवीत घालून पेणला घेऊन ये. आतल्या सुया नुसत्या कोरड्या पडल्या होत्या की पाणी शिरून गंजल्या होत्या, ते बघू, म्हणजे तुझ्या वाटेला ग्रीसिंग किती दिवसांनी लागेल ते ठरवता येईल.